डोंगरात, हिवाळ्यात

मराठीत शिखर ‘सर’ होते. हा शब्द फार्सीतून, लढाईच्या मुलखातून आपल्याकडे आला. किल्ला सर होतो, मोहीम फत्ते होते, आणि त्याच चालीवर एव्हरेस्टही सर होते. वृत्तपत्रांनी हा शब्द इतका रुळवला आहे की डोंगर चढून जाण्यासाठी दुसरे क्रियापद आपल्याला चटकन सुचत नाही. आमच्या वर्गात मावळातल्या खेड्यांतून येणारी मुले मात्र आजोबा घरी नसले की ‘डोंगरात गेलेत’ असे सांगतात. गुरांमागे, सरपणासाठी, कधी काहीच काम नसताना माणूस डोंगरात जातो आणि दिवेलागणीला परततो. ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय आणि ‘त’ हा सप्तमीचा प्रत्यय यांच्यातले हे अंतर व्याकरणाच्या तासाला आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो. त्यात एक अख्खा इतिहास दडलेला असू शकतो हे ध्यानात यायला एका परक्या देशातले, परक्या भाषेतले पुस्तक हाती यावे लागले.

तो इतिहास एका सुखाचा आहे. भर हिवाळ्यात, बर्फाने झाकलेल्या डोंगरात, कोणतेही काम नसताना, कोणतेही शिखर गाठायचे नसताना पायी हिंडण्याचे सुख. आमचा अधिकार आधीच सांगून टाकणे बरे. बर्फाशी आमचा संबंध एवढाच, की सहलीबरोबर रोहतांगला गेलो असता भाड्याने घेतलेले लांब कोट आणि दोन मापे मोठे गमबूट चढवून आम्ही अर्धा तास बर्फात उभे होतो. छायाचित्रे निघाली, मक्याची कणसे खाऊन झाली, बसचालकाने भोंगा वाजवला आणि आम्ही परतलो. भाषेचेही साहाय्य बेताचेच. पावसासाठी आपल्यापाशी रिमझिम आहे, रिपरिप आहे, संततधार आहे, मुसळधार आहे, बुरंगाट आहे. पण शीतकपाटातला खडा आणि आकाशातून उतरणारा पिसासारखा कण या दोहोंना आपण एकच ‘बर्फ’ म्हणतो, आणि फार तर पुस्तकी ‘हिम’ जोडीला घेतो. तेव्हा पुढचे सारे लेखन वाचनाच्या आधारावर आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

हे सुख फार जुने नाही. युरोपात शतकानुशतके हिवाळ्यातला पर्वत म्हणजे बंद झालेला दरवाजा होता. ज्याला ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही तोच तो ओलांडी: व्यापारी, यात्रेकरू, सैनिक. आल्प्समधल्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत, जवळजवळ २,४७० मीटर उंचीवर, अकराव्या शतकापासून ख्रिस्ती साधूंची धर्मशाळा आहे; ती उभी राहिली वाटसरू बर्फात मरत म्हणून. अशा वाटेवर आनंदासाठी कोणी पाऊल टाकील ही कल्पना त्या साधूंना वेडगळ वाटली असती.

पुढे गिर्यारोहणाचे युग आले, तेही उन्हाळ्याचेच. माँ ब्लांवर माणूस प्रथम पोचला तो ८ ऑगस्ट १७८६ रोजी; मॅटरहॉर्नवर १४ जुलै १८६५ रोजी. लंडनचा अल्पाइन क्लब १८५७ सालचा. या क्लबाच्या सभासदांनी पुढच्या काही वर्षांत आल्प्सची बहुतेक मोठी शिखरे ‘सर’ केली, आणि सप्टेंबर उलटला की ते आपापल्या न्यायालयांत, चर्चमध्ये आणि विद्यापीठांत परतत. हिवाळ्यातला आल्प्स कसा असतो हे त्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक होते.

हिवाळ्यातही तिथे राहता येते हे प्रथम ज्यांनी दाखवले त्यांत गिर्यारोहक नव्हते. एक होते हॉटेलवाले. सेंट मॉरिट्झच्या योहान्नेस बाद्रुट यांनी १८६४ साली आपल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली, की हिवाळ्यात या, आवडले नाही तर प्रवासखर्च माझा, अशी कथा तिथे आजही सांगतात. दुसरे होते क्षयरोगी. दावोस गावात डॉक्टर अलेक्झांडर श्पेंगलर यांच्या उपचारांसाठी १८६५च्या हिवाळ्यात पहिले रुग्ण येऊन राहिले. कोरडी थंड हवा आणि ऊन यांनी फुप्फुसे सुधारतात असा तेव्हाचा समज होता. इंग्रज लेखक जॉन ॲडिंग्टन सायमंड्स १८७७ साली फुप्फुसांच्या दुखण्याने जर्जर होऊन तिथे आले, आणि पाहुणे म्हणून आलेला हा गृहस्थ पुढे तिथलाच होऊन गेला. हिवाळ्यातल्या दावोसवर त्यांनी जे लिहिले त्यात शिखरे मागे आहेत. पुढे आहे ती वाट, ऊन, घसरगाडी आणि शेजारी. थॉमस मान यांच्या ‘मॅजिक माउंटन’ (१९२४) या कादंबरीतले सुप्रसिद्ध ‘बर्फ’ प्रकरण याच दावोसच्या परिसरात घडते, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. ज्या माणसाला धावता येत नाही, चढता येत नाही, ज्याला सावकाश चालण्याची सक्ती आहे, त्याला बर्फाची शांतता आधी ऐकू आली, हे आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते.

गिर्यारोहकांपैकी ज्याला ती ऐकू आली तो माणूसही तोवर थोडा मोडलेला होता. लेस्ली स्टीफन हे अल्पाइन क्लबचे अध्यक्ष राहिलेले, १८६१ साली श्रेकहॉर्नवर प्रथम पोचलेल्या चमूतले, ‘द प्लेग्राउंड ऑफ युरोप’ (१८७१) या गाजलेल्या पुस्तकाचे कर्ते. पुढे व्हर्जिनिया वुल्फचे वडील म्हणून अधिक ओळखले गेले. १८७५च्या नोव्हेंबरात त्यांची पहिली पत्नी निवर्तली. १८७७ साली त्यांनी ‘द आल्प्स इन विंटर’ हा निबंध लिहिला. ज्याने आल्प्सला ‘क्रीडांगण’ म्हटले, तोच लेखक या निबंधात खेळाची भाषा बाजूला ठेवतो. हिवाळ्यातला आल्प्स त्याला स्वप्नातल्या प्रदेशासारखा दिसतो. आमच्या मते या सुखाचे वाङ्मयीन चरित्र याच निबंधापासून सुरू व्हायला हवे. पण स्टीफन यांचे नाव निघते ते श्रेकहॉर्नमुळे.

इथे इतिहासकाराची अडचण सुरू होते. जे ‘पहिले’ असते त्याची नोंद राहते. मेटा ब्रेव्हूर्ट आणि त्यांचा भाचा कूलिज यांनी जानेवारी १८७४ मध्ये वेटरहॉर्न आणि युंगफ्राऊ ही शिखरे हिवाळ्यात प्रथमच चढली, याची नोंद आहे. इझाबेला स्ट्रॅटन ३१ जानेवारी १८७६ रोजी माँ ब्लांच्या माथ्यावर पोचल्या, हिवाळ्यातली ती पहिलीच चढाई, आणि त्याच वर्षी त्यांनी आपल्या वाटाड्याशी, झां शार्ले यांच्याशी, विवाह केला, याचीही नोंद आहे. (या दोन्ही ‘पहिल्यां’त स्त्रिया आहेत ही गोष्ट गिर्यारोहणाच्या इतिहासात अजून पुरेशा ठळकपणे येत नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) आर्थर कॉनन डॉइल १८९४ साली दावोसच्या ब्रांगर बंधूंबरोबर स्की घालून खिंडीपलीकडच्या अरोसाला गेले, तिथल्या हॉटेलच्या वहीत व्यवसायाच्या रकान्यात ब्रांगर यांनी त्यांच्या नावापुढे आपल्या मोडक्या इंग्रजीत ‘खेळाडू’ असे लिहून टाकले. शेरलॉक होम्सच्या जनकाला या पदवीचा कोण आनंद झाला! पण गावाबाहेरच्या देवदारांमधून दुपारभर चालून चहाच्या वेळेला परतलेल्या माणसाने कोणत्या वहीत काय लिहावे? त्याने काहीही सर केलेले नसते. ज्या सुखाचे मर्मच मुळी कोणतीही निशाणी मागे न ठेवण्यात आहे, त्याचा दप्तरखाना कुठून असणार?

दप्तरखाना एका अनपेक्षित जागी सापडतो. स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस या ब्रिटनच्या सर्वांत उंच पर्वताच्या माथ्यावर १८८३ साली हवामान वेधशाळा उघडली, आणि १९०४ साली पैशांअभावी बंद पडली. मधली वीस-एकवीस वर्षे, भर हिवाळ्यातही, काही माणसे तिथे वस्तीला होती आणि दिवसरात्र दर तासाला तापमान, वायुभार, वारा टिपून ठेवीत होती. बर्फाने दार बुजे तेव्हा मनोऱ्यातून बाहेर पडावे लागे. ते काही आनंदयात्री नव्हते, पगारी निरीक्षक होते. पण पर्वतावर पोचणे आणि पर्वतावर असणे यांतला फरक ब्रिटनमध्ये प्रथम त्यांनाच कळला असावा. १८९४च्या सप्टेंबरात दोन आठवड्यांसाठी आलेल्या सी. टी. आर. विल्सन या तरुणाने तिथून ढगांवर पडलेल्या सावल्यांभोवतीची रंगीत वलये पाहिली. प्रयोगशाळेत तसे धुके तयार करण्याच्या खटपटीतून त्याचे अभ्रकोष्ठ निघाले, आणि १९२७चे नोबेल पारितोषिकही. हे जाता जाता.

आता त्या पुस्तकाकडे वळतो. बेन नेव्हिसच्या पूर्वेला केर्नगॉर्म नावाचा पर्वतसमूह आहे. त्याची उंची ऐकून मराठी वाचकाला हसू येईल. तिथले सर्वांत उंच शिखर बेन मॅकडुई १,३०९ मीटर. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. कळसूबाई बेन नेव्हिसहूनही उंच आहे, म्हणजे साऱ्या ब्रिटनमध्ये तिच्या तोडीचा डोंगर नाही. परंतु केर्नगॉर्म ५७ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि त्याचा माथा म्हणजे निमुळता कळस नसून मैलोगणती पसरलेले उघडे पठार आहे. उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशासारखे तिथले हवामान. २० मार्च १९८६ रोजी केर्नगॉर्मच्या माथ्यावर वाऱ्याचा वेग ताशी १७३ मैल नोंदला गेला.

या डोंगरांत नॅन शेपर्ड नावाच्या बाई आयुष्यभर हिंडल्या. जन्म १८९३ चा, मृत्यू १९८१ चा. जवळजवळ सारे आयुष्य ॲबरडीनजवळच्या कल्ट्स गावी एकाच घरात गेले. १९१५ साली ॲबरडीन विद्यापीठातून पदवी घेऊन त्या शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात इंग्रजी शिकवू लागल्या आणि १९५६ साली तिथूनच निवृत्त झाल्या. आमच्याच पेशातल्या, म्हणून थोडी अधिक आपुलकी वाटते हे कबूल करतो. तास, उत्तरपत्रिका आणि शनिवार-रविवार यांच्या बेचक्यातून ज्यांनी डोंगर गाठला त्यांची कळकळ आम्हांला परकी नाही. १९२८ ते १९३३ या काळात त्यांच्या तीन कादंबऱ्या आल्या, १९३४ साली कवितांचे एक पुस्तक आले, आणि त्यानंतर शेपर्डबाई जवळजवळ गप्प झाल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी ‘द लिव्हिंग माउंटन’ हे छोटेखानी गद्य पुस्तक लिहिले. नील गन या कादंबरीकार स्नेह्याने ते वाचले, वाखाणले, आणि प्रकाशक मिळणे अवघड आहे असेही कळवले. नकाशे आणि छायाचित्रे जोडल्यास बरे, असा सल्ला दिला. एका ठिकाणाहून सौजन्यपूर्वक नकार आला. बाईंनी हस्तलिखित खणात ठेवून दिले. ते १९७७ साली ॲबरडीन विद्यापीठाच्या मुद्रणालयाने छापले, तेव्हा त्या ८४ वर्षांच्या होत्या.

नकाशे जोडण्याचा सल्ला आम्हांला फार बोलका वाटतो. १९४५च्या सुमारास पर्वतावरच्या पुस्तकाचे दोनच नमुने प्रकाशकाला माहीत होते: एक मोहिमेची हकीकत, दुसरी मार्गदर्शिका. बाईंचे पुस्तक दोहोंत बसत नव्हते. त्याची रचनाही कोणत्या चढाईच्या क्रमाने नाही. पठार, पाणी, हिम आणि दहिवर, हवा आणि प्रकाश, वनस्पती, प्राणी, माणूस, झोप, इंद्रिये, असे करीत ते शेवटी ‘असणे’ या प्रकरणापाशी येते. आरंभी आपल्यालाही माथा गाठण्याचीच ओढ होती, हे त्या मोकळेपणे सांगतात. ती ओढ वर्षांगणिक ओसरली आणि जावेसे वाटू लागले ते, एखाद्या स्नेह्याकडे काही काम नसताना जावे, तसे. इंग्रजीत पर्वताच्या ‘वर’ जातात; बाई मुद्दाम पर्वताच्या ‘आत’ जाण्याची भाषा वापरतात. इंग्रजी समीक्षकांना हे शब्दयोजन विलक्षण वाटले आणि त्यावर बरेच लिहिले गेले. मावळातल्या मुलांना त्यात विलक्षण काही वाटणार नाही.

हिम आणि दहिवर यांवरचे प्रकरण आम्ही पुन्हा पुन्हा वाचले आहे. हिवाळ्यातला एक अख्खा दिवस बाईंनी, बरोबर एका सोबत्याला घेऊन, ओढ्याचे वाहते पाणी कसकसे गोठते हे पाहण्यात घालवला. वाहणे आणि गोठणे यांची तिथे झटापट चालते. दगडाभोवती, गवताच्या काडीभोवती, उडालेल्या थेंबांतून नाना आकार घडतात. एवढ्यासाठी कडाक्याच्या थंडीत दिवसभर हिंडायचे! शिखर गाठण्याच्या हिशेबात हा दिवस फुकट गेला असेच म्हणावे लागेल. आणखी एक जागा: ताज्या बर्फात आपल्या आधी कोणी येऊन गेले आहे हे पावलांवरून कळते. पांढरा झालेला डोंगरी ससा, कोल्हा, पक्षी. प्राणी एकही दिसत नाही, पण सोबत वाटते. फक्त त्या सोबतीची वेळ आपल्या वेळेशी जुळत नाही. आम्ही हे साध्या मराठीत सांगितले. मूळ वाक्य सात शब्दांचे आहे आणि ते वाचल्यावर आम्ही पुस्तक काही वेळ मिटून ठेवले होते.

बर्फातल्या शांततेला भौतिक कारणही आहे. ताज्या भुसभुशीत बर्फात बहुतांश हवाच असते; कणांमधल्या त्या पोकळ्या ध्वनी शोषून घेतात, जाड गालिच्याने खोली मुकी व्हावी तसा परिसर मुका होतो. दिवस गेले, पृष्ठभाग वितळून पुन्हा गोठला, की तोच बर्फ आवाज परतवू लागतो आणि दूरचे पाऊलही कानी येते. म्हणजे बर्फाच्या शांततेलाही वय असते. बाईंचे सारे वर्णन अशा बारीक फरकांवर उभे आहे, आणि असे फरक त्यालाच कळतात जो त्याच वाटेने पुन्हा पुन्हा जातो.

मात्र या सुखाला निरुपद्रवी समजणे चूक ठरेल, आणि शेपर्डबाईंनी ती चूक केलेली नाही. केर्नगॉर्ममध्ये ‘शेल्टर स्टोन’ नावाची एक प्रचंड शिळा आहे. तिच्या पोटाखाली रात्र काढता येते, आणि आलेल्यांनी नाव लिहायला तिथे वही ठेवलेली असे. १९३३च्या जानेवारीत दोन तरुणांनी त्या वहीत उल्हासाने चार ओळी लिहिल्या, बाहेर पडले, आणि हिमवादळात सापडून मेले. बाई ही हकीकत प्राण्यांच्या पाऊलखुणांच्या त्याच पुस्तकात, आवाज न चढवता सांगतात. त्यांचे हस्तलिखित खणात पडून होते तेव्हा याहून भयंकर घटना घडली. नोव्हेंबर १९७१ मध्ये एडिनबरोच्या एका शाळेची मुले पठारावरच्या एका लहानशा निवाऱ्याकडे निघाली, वादळात त्यांना तो सापडला नाही, आणि दोन रात्री उघड्यावर काढाव्या लागलेल्या त्या तुकडीतली पाच मुले आणि त्यांच्याबरोबरची एक तरुण साहाय्यक दगावली. ब्रिटनच्या डोंगरांतली ही सर्वांत मोठ्या दुर्घटनांपैकी एक. पुढे कित्येक वर्षे वाद चालला: उंचावर निवारे असावेत की नसावेत? निवारा आहे या भरवशावर माणसे निघतात आणि बर्फ तोच निवारा पुरून टाकते, असे म्हणणारा पक्ष जिंकला. तो निवारा १९७५ साली पाडण्यात आला. आम्ही शिक्षक आहोत, मुलांना सहलीला नेतो. या घटनेबद्दल वाचल्यापासून ‘बर्फाची शांतता’ हे शब्द आम्हांला पूर्वीइतक्या सहज लिहवत नाहीत.

१९७७ साली पुस्तक छापताना बाईंनी प्रस्तावनेत म्हटले, की डोंगराच्या आयुष्यात तीस वर्षे म्हणजे काहीच नाही. आणि लगेच त्या तीस वर्षांत काय काय बदलले याची जंत्रीही दिली. त्याच डोंगरावर १९६१ पासून स्कीवाल्यांसाठी पाळणे धावू लागले होते. पुस्तकाची दखल मात्र सावकाश घेतली गेली. बाई गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, २०११च्या आवृत्तीला रॉबर्ट मॅकफर्लन यांनी प्रस्तावना लिहिली, तेव्हा ते जगभर वाचले जाऊ लागले. २०१६ साली रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या पाच पौंडांच्या नोटेवर बाईंचे चित्र आले. जिने काहीही सर केले नाही तिचे चित्र चलनी नोटेवर यावे, यात आम्हांला थोडी गंमतही वाटते.

दरम्यान बर्फच कमी होऊ लागले आहे. ब्रेरिअख या केर्नगॉर्मच्या डोंगरात एका खोल कुशीत ‘स्फिंक्स’ नावाचा बर्फाचा एक तुकडा असतो; ब्रिटनमध्ये उन्हाळाभर सर्वांत अधिक टिकणारे बर्फ ते हेच. विसाव्या शतकात तो पुरता वितळल्याची नोंद तीनच वेळा आहे: १९३३, १९५९ आणि १९९६. एकविसाव्या शतकात तो २००३ साली वितळला, २००६ साली वितळला, मग २०१७, २०१८, आणि २०२१ पासून तर लागोपाठ. त्याच्या शेवटच्या वीतभर अवशेषाचे मोजमाप घ्यायला हौशी माणसे पाठीवर पिशवी टाकून शरद ऋतूत चालत जातात. ही माणसेही काही सर करायला जात नाहीत.

गेल्या वर्षी आम्ही पदव्युत्तर वर्गात पाऊलखुणांचा तो भाग मराठीत सांगितला. बर्फ पाहिलेले वर्गात कोणीच नव्हते, आणि अर्धा तास आम्हीच बोलत होतो. शेवटी मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी म्हणाला, “सर, आमच्याकडे हे चिखलात दिसतं. पहिल्या पावसानंतर, पहाटे लवकर गेलं तर.” काय काय दिसते, असे विचारले तेव्हा तो जरा विचारात पडला. मग बोटे मोडीत सांगू लागला: ससा, साळिंदर, भेकर, एकदा तरस.